बिनघड्याळाचे कृष्णकांतराव

आमचे कृष्णकांतराव घड्याळ वापरत नसत. का, म्हणून कोणी विचारलं की ते आधी मंद हसत, मग डोळे मिटत आणि मग सांगत, "माझ्या मनगटावर घड्याळ टिकत नाही हो. शरीरातच काहीतरी आहे." समोरचा भाबडा असला तर पटकन आपलं घड्याळ दुसऱ्या हाताने झाकून घेई. मी समोर असले तर मीच म्हणे, "आळस आहे शरीरात, दुसरं काही नाही." त्यावर वसू मला डोळ्यांनी दटावी.

वसू म्हणजे वसुंधरा, माझी धाकटी बहीण. कृष्णकांत ताम्हाणे हा तिचा नवरा. आणि मी कुमुद, तिची थोरली बहीण. जन्मभर पनवेलला शाळेत गणित शिकवलं. मुलांना अपूर्णांक कळले की नाहीत देव जाणे, पण फसवून घ्यायला मोठी माणसं इतकी उतावीळ का असतात, हे मला मात्र अजून कळलेलं नाही.

कृष्णकांतराव बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, पुढे सरकवायचा. कामात ना चूक, ना चमक. बढती सगळ्यांना मिळाली तेव्हा मिळाली. नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर घर, एक मुलगी, एक स्कूटर. असा माणूस चारचौघांत गेला तर त्याच्याकडे कोणी वळून बघायचं कारण नाही, आणि हेच त्यांना सोसत नव्हतं. ऋचा, म्हणजे त्यांची मुलगी, पाचवीत असताना त्यांनी एसटी स्टँडबाहेरच्या फुटपाथवरून जादूच्या प्रयोगांचं एक पुस्तक आणलं. त्यातले रुमालाचे, पत्त्यांचे, दोरीचे सगळे प्रयोग त्यांना साफ जमले नाहीत. जमला तो फक्त घड्याळाचा. मग पुढची सगळी वर्षं त्या एका प्रयोगावर त्यांनी काढली.

प्रयोग असा. कोणाचं तरी काट्यांचं घड्याळ मागून घ्यायचं. दुसऱ्या कोणाला तरी मनात येईल ती वेळ बोलायला सांगायची. मग घड्याळ पालथं करून तिसऱ्याच्या तळहातावर ठेवायचं, त्याची मूठ मिटायची आणि वरून आपला हात थरथरवायचा. मूठ उघडली की काटे बरोबर त्या वेळेवर. लोक हरखून जात. खरं काम आधीच उरकलेलं असे. वेळ ऐकली की घड्याळ निरखत "वा, काय सुंदर आहे, कुठून घेतलंत" अशी बडबड चालू असतानाच बाजूची चावी ओढायची, अंदाजाने फिरवायची आणि दाबून बसवायची. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत बसले आणि मला सगळं दिसलं. ऋचाला ते पहिल्यापासूनच माहीत होतं. स्वयंपाकघरात तिला समोर बसवूनच त्यांनी सराव केला होता, तिच्याही हातात ती सफाई आली होती, आणि कोणाला सांगणार नाही अशी शपथ तिच्याकडून घेतली होती. पोरीने ती जिवापाड पाळली. मी खोदून खोदून विचारलं तरी ओठ घट्ट मिटून मान हलवायची. तिचा बाबा जगात सगळ्यांत थोर होता.

मी वसूला म्हटलं, "अगं, चावी फिरवतो तुझा नवरा."

"ताई, जाऊ दे ना," वसू म्हणाली. "दारू तर पीत नाहीत."

आपल्याकडे नवरा दारू पीत नसला की त्याला सगळे गुन्हे माफ.

मग सत्यनारायण असो, बारसं असो, सोसायटीची कोजागिरी असो, कृष्णकांतराव घड्याळ मागायला हजर. खालच्या मजल्यावर एकाच्या तेराव्याला जेवणं झाल्यावर जरा शांतता पसरली, तर यांनी ती संधी साधून मेलेल्या माणसाच्या भावाचं घड्याळ मागितलं. त्या बिचाऱ्याने दिलंही. नेऱ्याला कोणाच्या फार्महाऊसवर ऑफिसची पार्टी झाली, तिथे साहेबांच्या बायकोचं नाजूक घड्याळ यांनी चावी ओढताना बिघडवलं आणि "तुमच्या घड्याळाला माझा वेग झेपला नाही" असं तिलाच ऐकवलं. तीही खूश! मी तिथे असते तर भरपाई वसूल केली असती.

तोवर निदान ती जादू होती. लोक टाळ्या वाजवत आणि "आम्हालाही शिकवा" म्हणत. जादूची शक्ती झाली ती कृष्णाबाईमुळे, आणि त्यात तिचा काही दोष नाही. कृष्णाबाई करंजा गावची कोळीण. आठवड्यातून दोनदा पाटी घेऊन सोसायटीत यायची, आणि ताम्हाण्यांचं घर म्हणजे तिचं पहिलं गिऱ्हाईक, कारण यांच्याकडे मासळीवाचून घास उतरत नाही. एकदा तिने कमरेच्या पिशवीतून मुलाचं बंद पडलेलं जुनं घड्याळ काढलं आणि स्टँडजवळ दुरुस्तीवाला कुठे बसतो ते विचारलं. कृष्णकांतरावांनी सवयीने ते हातात घेतलं, मुठीत धरलं, डोळे मिटले. हाताच्या उबेने म्हणा, हलवल्याने म्हणा, अडकलेलं चाक सुटलं आणि घड्याळ चालू झालं. वसू सांगते, सगळ्यांत जास्त दचकले ते स्वतः कृष्णकांतराव.

"आवो सायेब!" कृष्णाबाई ओरडली. "तुमच्या हातान देव हाय! माज्या कुंदनचा घड्याल म्हैनाभर बंद होता, तुमी नुसता धरला तं चालू झाला!"

त्या दिवशी तिने बोंबलांचे पैसे घेतले नाहीत आणि जाताना प्रत्येक मजल्यावर ही बातमी मासळीबरोबर वाटत गेली. संध्याकाळी तीन बायका बंद घड्याळं घेऊन दारात उभ्या. त्यांतलं एक चालू झालं, दोन नाही. चाललेल्या एकाची चर्चा वर्षभर पुरली.

त्यानंतर कृष्णकांतराव "प्रयोग" हा शब्द वापरेनासे झाले. "साधना" म्हणू लागले. "मी काही करत नाही हो, माझ्याकडून होतं," असं मान तिरकी करून सांगू लागले. त्यांनी कार्डं छापून घेतली, त्यावर नावाखाली "कालशक्ती साधक" असं सोनेरी अक्षरांत होतं. माझ्या हातात कार्ड दिलं तेव्हा मी त्यावर भाजीचा हिशेब केला. आणि ज्या मनगटावर आधी साधं स्वस्तातलं घड्याळ असे, तेही त्यांनी काढून टाकलं ते याच काळात. शक्तीच्या माणसाला घड्याळ शोभत नाही ना! मग वेळ बघायला ते शेजाऱ्याच्या मनगटाकडे वाकत, नाहीतर भिंतीवर शोधत.

ऋचा कॉलेजात जाऊ लागली तशी तिची नजर बदलली. मैत्रिणी घरी आल्या की बाबा बाहेर येऊन घड्याळ मागणार, म्हणून ती त्यांना परस्पर खालूनच वाटेला लावी. ती भांडली नाही. शपथही मोडली नाही. एकदा मला एवढंच म्हणाली, "मावशी, लहानपणी मला वाटायचं, हे आमच्या दोघांचं गुपित आहे. आता त्यांनाच ते आठवत नाही." म्हणजे तिला म्हणायचं होतं, बाप आपल्याच थापेवर विश्वास ठेवायला लागलाय.

दोन हजार आठच्या डिसेंबरात तिचं लग्न ठरलं. मुलगा निनाद, ठाण्याचा, चांगल्या नोकरीत. त्याचे वडील नव्हते, म्हणून सगळा कारभार काकांच्या हातात. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, वेळेचे कडक, आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेलं घड्याळ म्हणजे त्यांचा प्राण. घरात एक आजी, निनादची. तिचा मुहूर्तावर असा विश्वास की तिच्या एका मुलीचं पुढे बिनसलं ते अक्षता उशिरा पडल्या म्हणूनच, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. ऋचालाही तिने पहिल्याच भेटीत ते सांगितलं होतं.

म्हणून साखरपुड्याच्या दिवशीच काकांनी विषय काढला. साखरपुडा आणि लग्न एकाच हॉलमध्ये, पनवेललाच. त्या हॉलच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ कायम पुढे असे. दुसरी पार्टी यायच्या आत पहिली निघावी म्हणून मॅनेजरने मुद्दाम तसं ठेवलेलं, आणि तिथे एकदा जेवून गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक. मोबाइल तर ज्याचा त्याचा वेगळाच. चार मोबाइल एका टेबलावर ठेवले तर चार वेळा. तेव्हा काका म्हणाले, "लग्नाला घड्याळ एकच. माझं. मी बोट वर केलं की गुरुजींनी शेवटचं मंगलाष्टक संपवायचं." शिरढोणहून आलेले आमचे गुरुजी मऊ स्वभावाचे, त्यांनी मान डोलावली. सगळ्यांनी डोलावली. कृष्णकांतराव तेवढे त्या बैठकीत नव्हते. ते बाहेर मांडवात व्याह्यांकडच्या मुलांना जमवून कोणाचं तरी घड्याळ पालथं घालत होते.

लग्नाच्या आठवड्यात ऋचाने त्यांना समोर बसवलं. मी तिथेच पापड मोजून डब्यात भरत होते.

"बाबा, माझं एक ऐकाल?"

"एक काय, दहा सांग."

"लग्नात घड्याळ नाही. सीमांतपूजनाला नाही, लग्नाला नाही, जेवताना नाही. दोन दिवस तुम्ही नुसते माझे बाबा. मला दुसरं काही नको."

कृष्णकांतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वेडी आहेस का तू? मला कळत नाही होय?"

त्यांना कळत नव्हतं. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी त्याच हॉलमध्ये पाय धुणं झालं, पेढे वाटले गेले, आणि निनादच्या मित्रांपैकी कोणीतरी म्हणालं, "ताम्हाणेकाका, तुमची ती शक्ती दाखवा ना." एकदा नको म्हणाले. दुसऱ्यांदा नको म्हणाले तेव्हा आवाजातच होकार होता. मी रुखवताच्या टेबलाशी चिरोट्यांचा डोंगर सावरत होते, मला फक्त टाळ्या ऐकू आल्या. नंतर कळलं की घड्याळ घेतलं होतं ते निनादच्या काकांचं. मुठीतून सांगितलेली वेळ निघाली, सगळे थक्क झाले, मग "आता काट्यांना जागेवर पाठवतो" म्हणत यांनी घड्याळ पुन्हा हातात घेतलं. स्वतःच्या मनगटावर घड्याळ नाही. वेळ बघायची कुठून? मान वर करून बघितलं भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि चावी फिरवून काटे तिथे आणले. ऋचाने हे स्टेजवरून पाहिलं. बाबा सकाळी स्वतःच काकांना सांगतील या आशेवर ती राहिली, पण त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त. बोहल्यावर दोघं उभी, मध्ये अंतरपाट, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. मंगलाष्टकं अर्ध्यावर आली आणि गुरुजींनी आपल्या घड्याळाकडे बघून काकांना हळूच खूण केली, अजून वेळ आहे अशी. काकांनी डोळे वटारले. "ठरलंय ना आपलं?" आणि बोट वर केलं. शुभमंगल सावधान झालं, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, हार घातले गेले. वसू आणि मी एकमेकींचे डोळे पुसत होतो.

तेवढ्यात निनादचा मित्र मोठ्याने म्हणाला, "अरे, लवकर उरकलं की! मुहूर्ताला अजून दहा मिनिटं आहेत." गंमतच केली पोराने. पण ते आजीच्या कानावर गेलं.

मग जे सुरू झालं त्याला लग्न म्हणायचं की कचेरीतली चौकशी, ते मला सांगता येणार नाही. आजी खुर्चीत ताठ. "मला खरं काय ते सांगा. मुहूर्त साधला की नाही?" जो तो आपला मोबाइल काढून वेगळीच वेळ सांगू लागला. काका लाल झाले. त्यांचं घड्याळ एका मिनिटाने कधी हललं नव्हतं, ते चुकणार कसं? आणि घड्याळ बरोबर असेल तर मुहूर्त साधला, पुन्हा उभं राहायचं कारण काय? आजी म्हणे, चुकीचं असेल तर वेळ जायच्या आत पुन्हा अंतरपाट धरा. काका म्हणे, एकदा लागलेलं लग्न उगीच पुन्हा लावणं हाच अपशकुन. निनादची आई रडायला लागली आणि तिचा सगळा राग वळला गुरुजींवर. "तुम्हाला कळत होतं तर तोंडाला कुलूप का घातलंत? दक्षिणा काय नुसती मंत्र पुटपुटायची घेता?" गुरुजी हात जोडून उभे होते. खरं बोलायचं तर काकांचा अपमान, गप्प राहायचं तर आपला.

ऋचा मुंडावळ्या बांधून उभी होती आणि तिला कोणी विचारत नव्हतं. पण मला दिसत होतं. ही गोष्ट आता निस्तरली नाही तर पुढे त्या घरात दूध उतू गेलं तरी आजी म्हणणार होती, मुहूर्तच चुकलेला. जन्मभराचा डाग, आणि तोही तिने काही न करता. कालच्या टाळ्या कुठल्या घड्याळाला होत्या ते मला आता उमगलं. एक वाक्य पुरेसं होतं आणि ते बोलू शकणारा माणूस दोन हातांवर उभा होता.

काकांनाच एकदम आठवलं. ते वळले. "ताम्हाणे, काल तुम्ही माझं घड्याळ घेतलं होतंत. त्याला काही केलं नाहीत ना?"

सगळा हॉल कृष्णकांतरावांकडे बघू लागला. ऋचाही. तिच्या नजरेत राग नव्हता, अजून आशा होती. मला तर वाटलं, आता तरी हा माणूस बाप होईल.

कृष्णकांतरावांनी डोळे मिटले. "मी घड्याळाला काही करत नाही, काका. शक्तीने गेलेले काटे शक्तीनेच जागेवर येतात. सेकंदाचाही फरक पडत नाही. निश्चिंत असा."

मी आजवर पुष्कळ खोटं ऐकलंय. शाळेत रोज ऐकायचे. पण पोटच्या पोरीच्या लग्नात, तिच्या समोर उभं राहून, अक्षता अजून पायाशी पडलेल्या असताना इतकं शांतपणे बोललेलं खोटं मी ऐकलं नव्हतं. थू त्या शक्तीवर! मी तोंड उघडणार होते, पण ऋचा आधी पुढे झाली.

"काका, घड्याळ द्या जरा."

काकांनी गोंधळून काढून दिलं. तिने हिरवा चुडा कोपराकडे सारला. "मावशी, एक वेळ सांग."

"साडेतीन," मी म्हटलं.

"सुंदर घड्याळ आहे हो काका, कोणी दिलं?" असं म्हणत तिने ते पालथं करून निनादच्या तळहातावर ठेवलं, त्याची मूठ मिटली, वर हात थरथरवला. मूठ उघडली. साडेतीन.

"आता परत बघा," ती म्हणाली. "सावकाश करते." आणि तिने सगळ्यांना दिसेल असं घड्याळ वर धरलं, चावी ओढली, फिरवली, दाबली. "शक्ती नाही यात. काल बाबांनी हे असं केलं. आणि परत लावताना त्या भिंतीवरच्या घड्याळात बघून लावलं. मी पाहिलंय." लहानपणापासून पाळलेली शपथ तिने भर मांडवात मोडली, आणि ज्याच्यासाठी पाळली होती त्या माणसाकडे न बघता मोडली.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. मग घड्याळ खिशात टाकलं आणि गुरुजींना म्हणाले, "माफ करा. तुमच्या घड्याळात किती?"

"अजून आहे वेळ. थोडाच आहे."

"मग बघत काय राहिलात?" आजी कडाडली. "उभं करा त्यांना!"

पुन्हा अंतरपाट धरला गेला. तबकातल्या अक्षता संपल्या होत्या, लोकांनी खालच्या वेचल्या. गुरुजींनी एकच मंगलाष्टक म्हटलं, पण काय खणखणीत म्हटलं! मुहूर्त गाठला. आजी रडली आणि हसली आणि ऋचाचा चेहरा ओंजळीत धरून म्हणाली, "गुणाची गं माझी." निनाद तर बायकोकडे असा बघत होता की त्याला बाकी काही दिसत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

कृष्णकांतराव खांबाशी एकटेच उभे होते. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं, कोणी काही बोलायलाही गेलं नाही. वसूसुद्धा नाही. जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली आणि स्टेजवरची गर्दी पांगली, तेव्हा ते हळूहळू पायऱ्या चढून आले. मी ऋचाच्या मागे तिचा शालू सावरत होते. बाप जवळ येतोय हे बघून तिने मान खाली घातली आणि पाया पडायला वाकली. तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. चुकलं म्हणावं, पाठीवर हात फिरवावा, निदान डोळ्यांत पाणी तरी यावं. मीसुद्धा त्या घडीला त्यांना क्षमा केली असती.

कृष्णकांतरावांनी तिला उठवलं, तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "पहिल्यांदा केलंस ना, तेव्हा चावी ओढताना अंगठा दिसला तुझा."

ऋचा रडायला लागली. हुंदक्यांनी तिचं सगळं अंग हलत होतं. पंगतीला बसणाऱ्या बायका वर बघून हळहळल्या, आणि एक जण दुसरीला म्हणाली, "बघ ना, बापाला सोडून जायचं म्हणजे जड जातंच गं मुलीला."